घर सोडून फौजेत गेलेले पणजोबा: लढाईत वारले की परतलेच नाहीत, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. घराणं मूळचं सासवडचं, माळी समाजाचं. नीरेच्या उजव्या कालव्याला पाणी आलं तशी खापरपणजोबांनी माळशिरस तालुक्यात खंडाने जमीन धरली आणि सगळं कुटुंब उसापाठोपाठ तिकडे वस्तीला गेलं. १९४१ च्या सुमारास पणजोबांचं वडिलांशी कडाक्याचं वाजलं. बायको आणि तान्हा मुलगा, म्हणजे तुमचे आजोबा, यांना मागे ठेवून ते 'मराठा पलटणीत' भरती झाले आणि पुन्हा उंबऱ्यावर आले नाहीत. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. पणजी मात्र शेवटपर्यंत कुंकू लावत होती. तुमच्या हाती आहे एक लष्करी पाकीट, एक फोटो आणि 'ते गाडी चालवायचे' ही ऐकीव गोष्ट. आणि तुम्ही विचारलंय की त्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड कुठे मिळेल.

ते कुठे मागायचं हे पुढे सांगतोच. पण तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ते नोकरीत असताना वारले, की सुटून दुसरीकडे राहिले? वारले असतील तर माग लष्कराच्या आणि युद्धस्मारकांच्या नोंदींत सापडतो. सुटले असतील तर तो तलाठ्याच्या दप्तरात, सैनिक कल्याण कार्यालयात आणि कदाचित दुसऱ्या एखाद्या घरात असतो. बहुतेक कुटुंबं पहिल्याच वाटेवर वर्षानुवर्षं चालत राहतात, कारण 'लढाईत गेले' हे चारचौघांत सांगायला बरं वाटतं. आकडे मात्र वेगळं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत पंचवीस लाखांहून अधिक माणसं होती, त्यांतली सुमारे ८७ हजार वारली. म्हणजे शंभरातली शहाण्णव-सत्त्याण्णव वाचली. घरी आला नाही म्हणजे मेला, हे गृहीत धरायला काहीच आधार नाही.

मृत्यूची बाजू तुम्ही घरबसल्या, फुकट तपासू शकता. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात फौजेत असताना वारलेल्यांची यादी आहे. गोळीनेच मरायला हवं असं नाही. आजार, अपघात, सगळं त्यात येतं. आपले लोक तिथे एक चूक हमखास करतात, ती म्हणजे कबर शोधणं. हिंदू शिपायाचं दहन झालेलं असतं किंवा देह सापडलेलाच नसतो, त्यामुळे नाव बहुतेक वेळा स्मारकावर असतं. इटलीत कासिनो, ब्रह्मदेशात तौक्यान, सिंगापूर, अल अलामीन, ही त्यांतली मोठी. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी त्यांचंही नाव कासिनोच्या स्मारकावरच आहे. देशातच, लढाईच्या क्षेत्राबाहेर वारलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावं 'दिल्ली/कराची १९३९-१९४५' या स्मारकाच्या यादीत आहेत. तीही बघा.

शोधताना नुसतं नाव टाकून थांबू नका. ज्ञानोबासारख्या नावाचं स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं. कुठे डी, कुठे जी, कुठे सरळ 'गेनू'. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव असू शकतं. त्यापेक्षा 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात सासवड, पुणे, सोलापूर ही नावं त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधा. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ नोंदींत आईवडिलांची नावं, बायकोचं नाव आणि गाव असं सगळं असतं. बायकोच्या नावाच्या जागी पणजीचं नाव दिसलं तर तुमचा शोध तिथेच संपला. सगळी रूपं चाळूनही काहीच हाती लागलं नाही, तर ते नोकरीत वारले नसावेत, असं मी मानून चालतो. याला शंभर टक्के पुरावा म्हणता येणार नाही, पण वजन मोठं आहे.

आता पणजीच्या कुंकवाकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका तपशील तोच आहे. शिपाई भरती होताना वारसाचं नाव आणि पत्ता लिहून घेत. तो वारला तर तार किंवा पत्र त्या पत्त्यावर जाई आणि कुटुंब पेन्शन त्या वारसाच्या नावाने सुरू होई. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, पणजीला कधी सरकारी पैसे येत होते का? पोस्टातून किंवा ट्रेझरीतून? 'नाही' हे उत्तर आलं तर तीन शक्यता उरतात. ते वारलेच नाहीत. वारले पण वारस म्हणून त्यांनी आईचं किंवा भावाचं नाव दिलं होतं. किंवा लग्न झाल्याचंच सांगितलं नव्हतं. रागाने घर सोडलेला माणूस भरतीच्या टेबलासमोर काय सांगेल याचा नेम नसतो. म्हणून 'पणजीला पैसे येत होते का' एवढ्यावर थांबू नका, 'कोणाला येत होते' हेही विचारा. थोरल्या भावाच्या घरी मनिऑर्डर येत होती आणि धाकट्या सुनेला तिचा पत्ताच नव्हता, असं मी पाहिलेलं आहे.

आता तुमच्या घराण्याची खास अडचण. वस्ती करून राहिलेल्या घराला दोन गावं असतात, मूळ गाव आणि वस्तीचं गाव. भरतीच्या कागदावर गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा विचारतात. सासवड सांगितलं तर नोंद पुरंदर, जिल्हा पुणे. वस्ती सांगितली तर माळशिरस, जिल्हा सोलापूर. १९२० च्या दशकाच्या शेवटी भाटघरचं नवं धरण झालं, पाणी वाढलं, आणि सासवडकडचे माळी बागाईतदार मोठ्या संख्येने तिकडे गेले. पुढे याच मंडळींनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. पण १९४१ मध्ये त्या मळ्यावर राहणाऱ्या माणसाला 'तुझं गाव कोणतं?' विचारलं तर तो बहुधा सासवडच म्हणणार. वडिलांशी भांडून निघालेला तर नक्कीच. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांत शोधा, पण सुरुवात पुण्यापासून करा. वस्ती फलटणच्या हद्दीत असेल तर आणखी एक गुंता आहे. फलटण १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्याआधीचं दप्तर संस्थानी आहे.

याच कारणाने जमिनीचे कागदही आधी सासवडचे काढा. वस्तीवरची जमीन खंडाने धरलेली होती, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यावर मालक म्हणून तुमच्या घराचं नाव सुरुवातीला नसणारच. कब्जेदार सदरी घराण्याचं नाव लागलेलं असेल ते सासवडच्या जुन्या वावराला. गावठाणात घर असेल तर मालमत्ता पत्रकही काढा. मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो फेरफार नोंदवहीचा, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की नोंद होते त्या गाव नमुना ६ चा. सातबाऱ्यावर नावापाशी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. त्यावरून मागे मागे जायचं. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर मिळतात. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. सत्तरच्या दशकाच्या आसपास पुष्कळ गावांत जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. दुवा तुटला तर नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मागा, त्यात जुना नंबर आणि नवा गट शेजारी शेजारी असतात.

तुम्हाला हवाय तो खापरपणजोबा वारल्यानंतरचा वारस फेरफार. त्यात मुलांची नावं कशी लिहिली आहेत ते अक्षर न अक्षर वाचा. चार प्रकार मला दिसलेले आहेत. पणजोबांचं नाव इतर भावांच्या बरोबरीने असेल, तर त्या तारखेला घरचे त्यांना जिवंत धरत होते. त्यांच्या जागी आजोबांचं नाव आणि पुढे 'अ.पा.क. आई' असेल, म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती आई, तर घरच्यांनी तलाठ्याला ते मयत असल्याचं सांगितलं होतं. खरं-खोटं पुढचं, पण सांगितलं होतं. 'परागंदा' असा शेरा असेल तर कोणालाच पत्ता नव्हता. आणि नावच नसेल, फक्त थोरल्या भावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल, तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून सगळं एकाच्या नावावर चढवलंय. मग वाटपाचा फेरफार शोधावा लागतो, तो वीस-तीस वर्षांनीही झालेला असू शकतो.

असंच एक घर माझ्याकडे आलं होतं, घाटमाथ्यावरचं, नाव-गाव सांगत नाही. आजोबांचे भाऊ ब्रह्मदेशात पडले, अशी त्यांच्याकडे पक्की समजूत. दर सर्वपित्रीला त्यांच्या नावाने पान वाढलं जायचं. स्मारकांच्या याद्यांत नाव नव्हतं. वाटपाचा फेरफार काढला तर १९५० च्या दशकातला निघाला आणि त्यात त्या मेलेल्या माणसाने आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडून दिल्याचा जबाब होता. खाली डाव्या अंगठ्याची निशाणी, शेजारी तलाठ्याच्या हातची 'निशाणी' अशी नोंद, आणि राहण्याचं ठिकाण म्हणून एका गिरणगावाचं नाव. म्हणजे तो माणूस त्या दिवशी चावडीवर येऊन बसला होता. घरातल्या निदान दोघांनी त्याला पाहिलं होतं आणि ते दोघंही मरेपर्यंत गप्प राहिले. म्हणून घरची आठवण मी ऐकून घेतो, पण कागद दिसेपर्यंत तिच्यावर काही उभारत नाही.

आता 'मराठा पलटण'. आपल्याकडे फौजेत गेलेला प्रत्येक माणूस घरच्यांच्या तोंडी मराठा पलटणीतच असतो, कारण तेवढंच नाव सगळ्यांना ठाऊक. तुमच्या बाबतीत मला शंका आहे. मराठा रेजिमेंटची भरती मुख्यतः कोकणी आणि देशावरच्या मराठ्यांची होती. जात वेगळी सांगून भरती होणारे होते, नाही असं नाही. पण 'गाडी चालवायचे' हा तपशील दुसरीकडे बोट दाखवतो. कालव्यावरच्या बागाईतदाराच्या पोराने ऑइल इंजिन हाताळलेलं असणार, आणि १९४१ मध्ये फौजेला ड्रायव्हर-मेकॅनिक हवेच होते. माझा पहिला अंदाज रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद आणि वाहतूक. दुसरा खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेतले इंजिनियर; सासवडहून ते केंद्र फार लांब नाही. मराठा तिसरा. हा अंदाज आहे, आणि तुमच्याकडच्या फोटोने तो एका मिनिटात मोडू शकतो.

फोटो भिंगाखाली धरा. चेहरा नंतर बघा, आधी टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची अक्षरं. मराठ्यांच्या बिल्ल्यात बिगूल असतो, सॅपर्सचा बाँबगोळ्यातून ज्वाळा निघणारा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही वाचा. भरतीनंतरचा पहिला फोटो बहुतेक जण ट्रेनिंग सेंटरच्या गावातच काढून घेत.

पाकिटावर गाव मिळणार नाही, कारण युद्धकाळात ठिकाण लिहायला बंदी होती. त्याऐवजी गोल शिक्क्यात 'एफ.पी.ओ.' आणि एक आकडा असतो. ते फील्ड पोस्ट ऑफिस. कोणत्या नंबरचं पोस्ट कोणत्या महिन्यात कुठे होतं याचे तक्ते टपालतिकिटांच्या अभ्यासकांनी बनवलेले आहेत, तेव्हा पुण्या-मुंबईच्या एखाद्या फिलाटेलिक मंडळात दाखवा. नंबर आणि तारीख दोन्ही लागतात, नुसत्या नंबरावर भुलू नका, कारण ही पोस्टं फौजेबरोबर फिरत. पाठवणाऱ्याच्या बाजूला त्यांचा शिपाई नंबर असेल तर तुमचं अर्धं काम झालं. त्याच्या आधी 'एमटीएन' अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर सर्व्हिस कोअरची मोटार वाहतूक, आणि माझा अंदाज खरा.

घरात पदक आहे का तेही विचारा. कपाटात नसेल तर देव्हाऱ्यात, कोणाच्या करदोट्यात, नाही तर वाटणीत दुसऱ्या चुलत्याकडे गेलेलं असू शकतं. हिंदी सैनिकांच्या पदकांवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. चिंच-राखेने घासू नका, ती अक्षरं उथळ असतात.

नंबर किंवा तुकडी कळली की मग सर्व्हिस रेकॉर्ड. लंडनला पत्रं पाठवण्यात पैसे घालू नका, साध्या शिपायाचे सेवेचे कागद तिकडे गेलेच नाहीत. ते इथल्या रेकॉर्ड ऑफिसांत राहिले. मराठा असतील तर बेळगाव, सॅपर्स खडकी, सर्व्हिस कोअर बंगळूर. 'शीट रोल' म्हणजे शिपायाचा पूर्ण सेवेचा कागद, त्यात वारस, गाव, अंगावरच्या खुणा, रजा, शिक्षा सगळं असतं. पण पेन्शन न मिळालेल्यांचे शीट रोल ठरावीक मुदतीनंतर, सहसा पंचवीस वर्षांनी, नष्ट केले जातात. युद्धानंतर सुटलेल्या बहुतेकांना पेन्शन नव्हतीच. म्हणून पत्रात शीट रोलबरोबर 'लाँग रोल'ची नोंद आवर्जून मागा. ती नोंदवही कायमची जपायची असते. तिच्यात नंबर, नाव, भरतीची आणि सुटल्याची तारीख, कारण असा त्रोटक मजकूर असतो, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीतही मिळेल. आधी साधं पत्र पाठवा, नात्याचा पुरावा जोडून: आजोबांचा शाळेचा दाखला, तुमच्यापर्यंतची वंशावळ. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, आणि त्यात कलम ८(३) चा उल्लेख करा; वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती काही मोजके अपवाद सोडून द्यावी लागते. सुटण्याचं कारण म्हणून 'फरारी' असं आलं तर हबकू नका, तोही एक धागाच असतो.

शाळेच्या दाखल्याचा विषय निघालाच आहे तर आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टरही बघून या. पालकाचं नाव आणि धंदा त्यात लिहिलेला असू शकतो. तिथे वडिलांचं नाव आहे की काकाचं, यावरून त्या वर्षी घरात काय मानलं जात होतं ते कळतं.

आणि ते जिवंत सुटले असं निघालं तर? मग राहण्याचा जिल्हा शोधायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विनापेन्शन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र सरकार मानधन देतं, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. ते उतारवयापर्यंत जगले असतील तर तिथे अर्ज असण्याची शक्यता बरी आहे, आणि अर्जात कुटुंबाची माहिती असते. दुसरी जागा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. बापाशी जन्मभर न बोललेला माणूसही बापाच्या मागे श्राद्धाला जातो. तुमच्या आडनावाचे आणि सासवडचे उपाध्ये कोण हे विचारून काढा. वहीत येणारा आपल्या भावांची, बायकोची, मुलांची नावं सांगतो. सगळेच वही दाखवतात असं नाही, दाखवली तर दक्षिणा ठेवा आणि फोटो विचारूनच काढा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या वहीत किंवा त्या अर्जात दुसऱ्या बायकोचं आणि मुलांचं नाव निघू शकतं. त्या घराला तुमच्या पणजीबद्दल काहीही माहिती नसेल. थेट फोन लावू नका, आणि जमिनीचा विषय तर मुळीच काढू नका. पहिल्याच वाक्यात सातबारा आला की समोरचं दार कायमचं लागतं. साधं पत्र लिहा, एका फोटोची प्रत जोडा, उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. आणि त्याआधी तुमच्या घरात बोला. आजोबा हयात असतील तर त्यांना हे कळायला हवंय का, हे त्यांनाच विचारा. काहींना नको असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे.

कामाचा क्रम असा लावा: स्मारकांची यादी, घरात पेन्शनची चौकशी, सासवडचा वारस फेरफार, मग पाकीट-फोटोवरून तुकडी, आणि त्यानंतरच रेकॉर्ड ऑफिसला पत्र. पहिल्या तीन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही आणि त्यांच्यावर बाकी सगळं ठरतं. दरम्यान ते पाकीट लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही बाजूंचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा. शिक्का पुसट असेल तर पाकीट थोडं तिरपं धरून दुसरा काढा, कागदात दबलेला आकडा तिरप्या उजेडात वाचता येतो.